पडद्याची उजवी कड

'घरात असून नसल्यासारखे असता,' हा आईचा टोमणा बाबांना भलताच झोंबला. त्यावर त्यांनी जालीम उपाय काढला. सकाळपासून ते कम्प्युटरच्या पडद्यावर उजव्या कडेला विजेट्स लावत बसले होते. घड्याळ झालं, हवामान झालं, आता घरच्यांच्या फोटोंची चौकट तेवढी उरली होती.

"बाबा, भाषण ऐक ना एकदा! आज फायनल आहे आणि नेमका शेवटच विसरतेय मी," लेक काकुळतीला आली.

"अगं, तुझंच तर चाललंय! तुझा फोटो सगळ्यात वर घेतोय. आता कामात कितीही बुडालो तरी लक्ष तुझ्यावरच."

खाली शाळेच्या बसचा हॉर्न वाजला. आता मात्र ती थेट बाबा आणि टेबलाच्या मधे घुसली, पाठ ताठ केली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आदरणीय परीक्षक..."

बाबांनी मान डावीकडून काढून पाहिली, उजवीकडून काढून पाहिली.

"सरक गं जरा, राणी," ते अगदी लाडाने म्हणाले, "तू दिसतच नाहीयेस!"