अंगणातला हौद

"हा हौद पाण्याचा नाही," अरवा म्हणाली. "इथे द्राक्षं तुडवून वाइन करायचे."

मजुरांची फावडी थांबली. मालक नबील हातातली जपमाळ खिशात टाकून हौदाच्या काठाशी आला.

ताइफच्या डोंगरातला हा द्राक्षमळा त्याच्या पणजोबांनी घेतलेला. मळ्यातलं पडकं दगडी घर नीट करून तिथे प्रवाशांसाठी विश्रामगृह काढायचं नबीलच्या मनात होतं. ते काम नाशिकचा चारुदत्त सांभाळत होता. काम संपत आलं होतं, आणि त्याचा इथला मुक्कामही. इंजिनियरच्या जागेवर सौदी माणूसच हवा असा नियम निघाला, म्हणून नबीलने अरवाला घेतलं होतं. नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली मुलगी. तिला तयार करायचं कामही चारुदत्तकडेच आलं, आणि त्याने ते मन लावून केलं होतं.

काल फरशीसाठी अंगण उकरताना घराहूनही कितीतरी जुनं हे बांधकाम वर आलं. पसरट दगडी हौद, तळाला उतार, उताराच्या टोकाला पन्हळ, पन्हळीखाली दुसरा खोल हौद. चारुदत्तने ते बघताक्षणी ओळखलं होतं. पण तो गप्प बसला होता.

"दिब्स करत असतील," नबील म्हणाला. "द्राक्षाचा पाक. माझी आजीसुद्धा करायची."

"पाक आटवायला चूल लागते. इथे एका दगडावर काजळी नाही," अरवा म्हणाली. "आणि खालच्या हौदाच्या गिलाव्यात बघा, बिया रुतल्यात. इस्लामच्याही आधीचं असेल हे, शेख. वरून काच बसवू. लांबलांबून लोक बघायला येतील."

"येतील ना. आणि गावात काय बोलतील? नबीलच्या अंगणात दारूचा हौद. माझ्या मुलींची लग्नं व्हायची आहेत अजून." तो चारुदत्तकडे वळला. "मुहंदिस, ही नवी आहे. तू इंजिनियर आहेस, तू सांग. काय आहे हे?"

सकाळीच अल-खोबरहून बायकोचा, शर्मिलाचा फोन आला होता. "इकाम्याचं बोललात का शेखशी?" त्याचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपला की तिघांनाही देश सोडावा लागणार होता, आणि नूपुरचं बारावीचं वर्ष अर्ध्यावर होतं. मग नूपुरने फोन घेतला. "पप्पा, जस्ट टिल मार्च. बोर्ड्स झाले की जाऊ ना आपण. प्लीज."

चारुदत्त हौदात उतरला. दगडावरून हात फिरवला. त्याची काही गरज नव्हती. तेवढाच वेळ मिळाला. वर काठावर अरवा निर्धास्त उभी होती, पेपर सोपा गेलेल्या मुलीसारखी. आधी दगडाला विचार, मग पुस्तकाला, हे त्यानेच तिला शिकवलं होतं.

"पाण्याचा हौद आहे," तो म्हणाला. "फळं धुवायचे यात. असे पुष्कळ सापडतात. त्यात विशेष काही नाही."

"आणि बिया?" अरवाने विचारलं.

"द्राक्षं धुतली की पडणारच बिया."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने खाली मान घातली आणि तो हौदातून वर आला.

नबीलने मोठा श्वास सोडला. "खलास. भरून टाका." मजूर उठले. त्याने चारुदत्तच्या खांद्यावर हात टाकला आणि त्याला डाळिंबाच्या झाडाखाली नेलं.

"बघितलंस? आणि म्हणे, हिला तुझ्या जागी बसव. फार कच्ची आहे. तू राहा अजून वर्षभर. इकाम्यावर दुसरा हुद्दा घालू. नियमापुरतं तिचं नाव पटावर राहील, पगार घरबसल्या जाईल. फक्त तिने इथे यायचं नाही. सगळेच करतात असं."

हे चारुदत्तच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याला मार्च हवा होता, तिची जागा नको होती.

"ती हुशार आहे, शेख," तो म्हणाला. "तिला राहू द्या."

"हुशार?" नबील हसला. "आत्ताच तर तू तिला चूक ठरवलंस. का चूक नव्हती ती?"

नबील उत्तरासाठी थांबला नाही. अरवाला हाक मारून त्याने तिला दोन वाक्यांत सांगून टाकलं आणि तो गाडीकडे गेला.

चारुदत्तने शर्मिलाला फोन करून कळवलं. लगेच नूपुरचाच आवाज आला, "येस्स! लव्ह यू, पप्पा!" त्याने फोन खिशात घातला.

काँक्रीट पन्हळीपर्यंत चढलं होतं. मजुरांचा मुकादम "यल्ला, यल्ला" करत घाई करत होता. अरवा हेल्मेट काढून चारुदत्तसमोर येऊन उभी राहिली. ती भांडेल असं त्याला वाटलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं.

"एकच विचारायचंय," ती म्हणाली. "आजच्या आधी तुम्ही मला जे जे शिकवलंत, ते खरं होतं?"

"सगळं," तो म्हणाला. "अगदी सगळं."

तिने मान हलवली.

"मग मी ते लक्षात ठेवीन," ती म्हणाली. "तुम्हाला आता ते लागणार नाही."