बोरी अरबचे वामनराव

"पान सत्तावन्नवर नायिकेचे डोळे काळे आहेत," दीपा पत्र मोठ्याने वाचत होती. "पान एकशे बारावर ते घारे होतात. बाकी कादंबरी वाचून दोन दिवस जेवणात मन नव्हतं. आपला, वामनराव, बोरी अरब."

धर्मपाल चहाच्या कपात बघत म्हणाला, "लोकायले काही कामधंदे नाहीत."

दीपाची ही एकोणपन्नासावी कादंबरी. यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरमध्ये, दोन खोल्यांत लिहिलेल्या प्रेमकथा पुण्यापर्यंत खपत. बसस्टँडवर तर नवं पुस्तक आठ दिवस टिकत नसे. आणि तिचा नवरा, एसटीतला निवृत्त वाहतूक नियंत्रक, त्यातली ओळही वाचत नाही, हे सगळ्या नेरला ठाऊक होतं. पहिली कादंबरी आली तेव्हा डेपोतल्या चार लोकांसमोर तो बोलून गेला होता, "असल्या गोष्टी बायकायनं वाचाव्या." दीपा तेव्हा हसली. पण त्यानंतर तिने आपलं पुस्तक कधी त्याच्या हातात दिलं नाही.

ते वाक्य परत घेणं धर्मपालला जमलं नाही. दुसरी कादंबरी त्याने गुपचूप विकत घेतली, ड्यूटीवर वाचली आणि डोळे पुसत दोन गाड्यांच्या वेळा चुकीच्या पुकारल्या. मग तो बोरी अरब गावी पंजाबरावकडे गेला. पंजाबराव त्याचा शाळेपासूनचा मित्र. मजकूर धर्मपालने सांगितला, अक्षर पंजाबरावचं. नुसती स्तुती केली तर बिंग फुटेल, म्हणून एक चूकही काढली. असे वामनराव जन्माला आले आणि दर पुस्तकानंतर पत्र पाठवू लागले. दीपाची उत्तरं पंजाबरावच्या पत्त्यावर येत आणि धर्मपाल ती तिथेच बसून पुन्हा पुन्हा वाचे.

"अहो," दीपा पत्राची घडी करत म्हणाली, "पन्नासाव्या पुस्तकाच्या कार्यक्रमाले वामनरावायले बोलवा लागते. यवतमाळले. पुस्तक त्यायच्याच हातून निघालं पाहिजे."

"म्हातारा माणूस असन. कायले तरास देतं त्यायले?"

"इतक्या वर्षांत कोणी मले एवढं मन लावून वाचलं नाही. एकदा पाह्यलं पाहिजे न."

धर्मपालने दुसऱ्याच दिवशी बोरी अरब गाठलं.

"सोपं आहे," पंजाबराव म्हणाला. "वामनराव वारले म्हणून कार्ड टाकून देतो."

"ती रडन बे."

"मंग खरं सांगून टाक."

परतीच्या गाडीत धर्मपालने तेच ठरवलं. सांगायचं. रागावली तर रागावली.

सकाळी दीपा अंघोळीला गेली होती. तो तिची वाट बघत, मनात वाक्यं जुळवत बसला होता, तेवढ्यात तिचा फोन वाजला. नागपूरहून प्रकाशकांकडची केतकी होती, दीपाच्या पुस्तकांची मुद्रितं तपासणारी.

"काका, मॅडमना फक्त एवढं विचारा," केतकी म्हणाली. "नव्या कादंबरीत नायक पान वीसवर डावखुरा आहे आणि नव्वदवर उजव्या हाताने लिहितो. हीच ना या वेळची? की दुरुस्त करू?"

"या वेळची म्हणजे?"

"मुद्दाम ठेवलेली चूक हो. मॅडम दर पुस्तकात एक ठेवायला लावतात. म्हणतात, चूकच राहिली नाही तर आमचे हे मला पत्र कसं लिहितील?"