मुखी घास

"एखाद्या जिवाच्या मुखी घास पडल्याशिवाय आपण जेवायचं नाही," असं सासूबाईंनी शेवटच्या आजारपणात बजावलं होतं. अनसूयाआत्यांनी तो नेम वीस वर्षं पाळला. आज मात्र एक वाजून गेला तरी ना गाय फिरकली, ना कावळा.

भाची केतकी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. तिने फुलदाणीतल्या शिळ्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. "आत्या, बघ, जीवच जीव. भरव आणि जेव एकदाची."

आत्यांनी डोळा लावला. बारीक काड्यांसारखं काहीतरी जागच्या जागी थरथरत होतं. "यांना भरवू?"

"ते जिवाणू. त्यांना तोंडच नाही, अंगानेच रस शोषतात."

"मग मुखी घास कसा पडायचा? आणि हा चपलेच्या आकाराचा, अंगभर केस हलवत पळतोय तो?"

"तो आदिजीव. त्याला तोंड आहे."

आत्या हरखल्या. काडीने पेजेचा थेंब सोडून, हात जोडून पानावर बसल्या. "खाल्लं ना गं त्याने?"

"पेज कुठली? पेजेवर त्या काड्या पोसतात आणि हा काड्याच गिळतो," केतकी हसू दाबत म्हणाली.

भाताकडे गेलेला आत्यांचा हात थबकला. त्यांनी पान झाकलं. चपलेवाला पोचणार नाही अशा वेगळ्या वाटीत काड्यांसाठी थोडी पेज ठेवली, पदराआड पोळी घेतली आणि भर उन्हात गाय शोधायला निघाल्या.