मधली वीत

“तू तुझ्या कडेनं ये, मी माझ्या कडेनं येते. मधे भेटू.” थोरल्या जाऊबाई द्वारकेला असं म्हणायच्या आणि दोघी एकाच गोधडीला समोरासमोर टाके घालत बसायच्या.

मग दिवाळीच्या तोंडावर जाऊबाईंची नथ हरवली. त्यांनी आळ द्वारकेवर घेतला आणि चुली वेगळ्या झाल्या. तीस वर्षं द्वारका लोकांच्या अर्धवट जुन्या गोधड्या गोळा करून पुऱ्या करत आली, पण जाऊबाईंच्या घराची पायरी चढली नाही.

आज जाऊबाईंची सून दोघींची शेवटची, अर्धीच राहिलेली गोधडी घेऊन आली. “सासूबाईंनी पुरी करून मागितलीय.” मधे वीतभर जागा कोरी होती, अलीकडे द्वारकेचे बारीक टाके, पलीकडे जाऊबाईंचे ऐसपैस.

द्वारकेनं अर्धी वीत भरली. पुढं सुई चालेना. गोधडी काखोटीला मारून ती जाऊबाईंसमोर जाऊन बसली.

“तुमची बाजू मी शिवणार नाही.”

“अजून तशीच हट्टी. दोरा ओवून दे, मला नेढं दिसत नाही.”

चार टाके पडले. पाचव्याला जाऊबाईंचा हात थांबला.

“नथ त्याच दिवाळीत सापडली होती, द्वारके. तांदळाच्या डब्यात.”