डावा कौल

"मावशी, विचार पक्का ना? तुमचं दोघांचं तिकीट रद्द करते मग," पूनम म्हणाली आणि कीबोर्डवर बोटं ठेवून थांबली.

मायाक्कानं मान हलवली. शेजारी तिचा नवरा बिरप्पा पटका मांडीवर घेऊन बसला होता. सकाळच्या एसटीनं मंगळवेढ्याकडून दोघं सोलापुरात आली होती, सात रस्त्याजवळच्या ह्या टूरवाल्यांच्या ऑफिसात. चार वर्षांत समोरासमोर न बघितलेल्या पोराकडं जायचं होतं, ते रद्द करायला.

बावीस जणांचा ग्रुप होता. आखातातल्या एका शहरात पाच दिवस, त्यातले दोन नुसते थीम पार्कमध्ये. शहराला नाव आहे, पण गावाकडं सगळ्या आखाताला दुबईच म्हणतात. गेल्या मंगळवारी त्या शहरावर कसलीशी ड्रोन दिसली, एके ठिकाणी धूर निघाला, विमानतळ एक दिवस बंद राहिला. दुसऱ्या दिवशी विमानं उडायलाही लागली. पण टीव्हीवाल्यांना काय, त्यांनी तोच एक धूर चार दिवस दाखवला. एकोणीस जण गळले. आधी डॉक्टरसाहेब, मग सराफाचं अख्खं खटलं. हनिमूनचं जोडपं तर महाबळेश्वरला जाऊनसुद्धा आलं. उरली ही दोघं आणि त्यांना घेऊन जाणारी पूनम.

"मेंढरागत हाय बगा," बिरप्पा म्हणाला. "एक बुजलं की कळप बुजतोय."

"पण काका, मला वाटलं होतं सगळे गेले तरी तुम्ही येणार. तुमचा मुलगाच आहे की तिथं."

"यायचंच हुतं," मायाक्का म्हणाली. "पर देवानं न्हाय म्हनलं."

रविवारी तिनं बिरोबाला कौल लावला होता. देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवायच्या, मनातलं विचारायचं आणि हात जोडून बसायचं. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली. मेंढरं कुठल्या वाटेनं न्यायची इथपासून लेक कुठल्या घरी द्यायची इथपर्यंत सगळं तिनं असंच विचारत आणलं होतं. देवाच्या शब्दाबाहेर पाऊल टाकायची तिची छाती नव्हती. बिरप्पाचं मात्र तोंड उतरलं होतं. पासपोर्टच्या फोटोसाठी म्हाताऱ्यानं जन्मात पहिल्यांदा चारचौघांत पटका काढला होता.

पूनमनं बटण दाबलं, तेवढ्यात मायाक्काचा फोन वाजला. पोराचा, अजिनाथचा व्हिडिओ कॉल. मायाक्का फोन छताकडं करून बोलायला लागली, तेव्हा पूनमनं तो तिच्या हातात सरळ करून दिला.

"आये, झालं का क्यान्सल?"

"झालं बग आत्ताच."

"लई ब्येस केलंस. हिकडं यायचं नावच काडू नगा. परवा धाडदिशी आवाज झाला, खोलीच्या काचा हादारल्या." तो हसत सांगत होता. दुसऱ्याला भीती वाटू नये म्हणून माणूस हसतो, तसा.

"काम चालू हाय न्हवं?" बिरप्पानं मधेच विचारलं.

"हाय की. ह्ये बगा." अजिनाथनं फोन फिरवला. तो त्या पार्कात रोलर कोस्टर चालवायचा. भला थोरला रूळ आभाळात वळसे घेत गेलेला, आणि खाली चिटपाखरू नाही. आइस्क्रीमच्या गाड्या ताडपत्रीनं झाकलेल्या.

"हितं पाय ठिवायला जागा नसायची, आण्णा. आता मशीन गंजून बसू न्हाय म्हनून दर अर्ध्या तासाला मोकळंच फिरवायचं. सायबाचा हुकूम हाय."

त्यानं बटण दाबलं. मोकळ्या खुर्च्या सरसर वर गेल्या, उलट्या झाल्या आणि खाली आल्या. कोणी ओरडलं नाही, कोणी हसलं नाही. बिरप्पा डोळे बारीक करून बघत राहिला.

"येक बी मानूस न्हाय व्हय रं तितं?" मायाक्का म्हणाली.

"न्हाय. समदी भिऊन पळाली."

"आन् तू?"

"मी कामाला हाय, आये. आमाला कुटली सुट्टी? दोन वर्सं करार हाय अजून, पासपोर्ट बी सायबाकडंच हाय. बरं, ठिवतो. फेरी लावायची हाय."

फोन बंद झाला. पूनमनं रद्द झाल्याचा कागद छापून पुढं सरकवला. "झालं मावशी. आता निवांत राहा."

मायाक्कानं कागद घेतला नाही. तिचा चेहरा एकदम उतरला. पोटच्या पोराला गर्दीत विसरून आल्यासारखी ती दाराकडं बघायला लागली.

"पोरी, म्या माजंच इचारलं गं," ती म्हणाली.

"कुणाला?"

"देवाला. आमी दोगं जाऊ का, आमाला काय धोका न्हाय न्हवं, येवडंच इचारलं. त्यो तितं ऱ्हातुया. त्येचं इचारायचं माज्या ध्यानातच आलं न्हाय. काय आई म्हनायची ही."

बिरप्पा उठला, पटका डोक्याला गुंडाळायला लागला.

"ऊठ," तो म्हणाला. "दुपारची गाडी घावंल. सांजच्याला देवळात जाऊ आन् लावू त्येचा कौल."

मायाक्का खुर्चीतून हलली नाही.

"नगं," ती म्हणाली. "आपलं तिकीट ह्या पोरीनं क्यान्सल केलं. त्येची डावी पडली, तर कुनाला सांगायचं क्यान्सल करा म्हनून?"