डोळ्यांची आखणी

जोहे गावातल्या मूर्तींच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखायचे ते बाबाजीकाकांनीच, आणि आखताना लावायचा तो एकच अल्बम: कुठल्याशा ख्रिस्ती गायकमंडळींची गाजलेली इंग्रजी भक्तिगीतं. संपला की पुन्हा पहिल्यापासून. मालकीण सरूचे कान किटले होते. त्यात आज रोह्याहून आलेलं गिऱ्हाईक दारातच थबकलं, "गणपती बघायला आलो का चर्चमध्ये?"

सरू तणतणत आत गेली, गाणी बंद केली आणि त्याच स्पीकरवर आरत्या लावल्या. गिऱ्हाईक खूश होऊन मूर्ती ठरवून गेलं.

त्याला पोचवून ती परत आली, तर काका डोळे मिटून, हात जोडून बसलेले. ब्रश रंगाच्या वाटीत. समोरच्या गणपतीला एकच डोळा.

"काका, चतुर्थी आठ दिवसांवर आली नि तुम्ही हात जोडून काय बसलाय?"

"त्या गाण्यांतलं मला काय पन कळत नाय गो, म्हनून तर लावतो," काका डोळे न उघडताच म्हणाले. "आरती लागली, की हे हात आपसूक जोडले जातात. मग ब्रश कोन धरील?"