चावडीचा खांब

"तात्या, खांबाला हात लावू नका, कालच फरशी बसवलीय," सरपंच ओरडला. माझाच पुतण्या तो. मी छिन्नी टेकवली आणि हातोडीनं वरची फरशी फोडली.

आमच्या गावाचा इतिहास पुस्तकात न्हाई, चावडीच्या या दगडी खांबावर हाय. महापुराचं पाणी जिथवर चढलं, तिथं आमच्या घरातल्या पाथरवटानं रेघ कोरली. सगळ्यात वरची रेघ माझ्या बापाची. आणि या शहाण्यानं गाव चकाचक दिसावं म्हणून सगळ्या रेघा झाकल्या, शिवाय चावडीच्याही खाली, ओढ्याकाठच्या खोलगटात अंगणवाडी मंजूर केली.

"चाळीस वर्षांत पूर आलाय का?" तो म्हणाला. ग्रामसभेला जमलेली माणसं हसली.

मी दंडाला धरून त्याला खांबाला टेकवून उभा केला. बापाची रेघ त्याच्या डोक्याच्या वीतभर वर निघाली.

"तू सहा फुटाचा गडी," मी म्हणलं. "आता तुझी धाकटी आण आणि इथं उभी कर. तीबी त्याच अंगणवाडीत जाणार न्हवं?"

त्यानं हात वर करून रेघ चाचपली. मग माझ्याकडं हातोडी मागितली.